झडपेची दोन टोकं

मी आयुष्यभर पत्रा वाकवला. असं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचात?" माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनाही हा प्रश्न पडला होता. त्यांनी भावकीत "जावई कंपनीत आहेत" असं सांगून विषय मिटवून टाकला. कंपनीत मी एक दिवसही काम केलं नाही. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत आमचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं आणि सासरे वारले तोवर त्यांच्या गावात मी कंपनीतच होतो.

तर काय करायचो, ते एकदाचं सांगून टाकतो. तुमच्या घरातलं लोखंडी कपाट, विजेच्या मीटरची पेटी, कूलर, धान्याची कोठी, यातली कुठलीही वस्तू घ्या. ती मुळात एक सपाट पत्रा असते. तो मापानं कापायचा, आखलेल्या रेघेवर वाकवायचा आणि कडा जोडायच्या. कोपरा बरोबर आला तर त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. चुकला तर साडी अडकून फाटते, झाकण बसत नाही, दार कुरकुरतं आणि मग घरधनी आमचा उद्धार करतो.

"पुठ्ठा वाकवतात तसंच ना?" असं म्हणणारे पुष्कळ भेटले. तसंच, पण पुठ्ठा ऐकतो आणि पत्रा ऐकत नाही. काटकोनात वाकवून सोडला की तो थोडा मागं सरकतो. म्हणून काटकोनाच्या किंचित पुढं न्यायचा आणि सोडायचा, म्हणजे तो हवा तिथं येऊन थांबतो. किंचित म्हणजे किती, हे पत्र्याची जाडी आणि त्याची तब्येत ठरवते. एकाच गठ्ठ्यातले दोन पत्रे निराळे वागतात. शिवाय वळणात पत्र्याचं माप थोडं कमीजास्त होतं, तेही आधी हिशेबात धरावं लागतं. एवढं जमलं की कोन सच्चा येतो. आमच्याकडं कोनाला बरोबर किंवा चूक म्हणत नसत, सच्चा किंवा झूठा म्हणत.

सुरुवातीला आमचं यंत्र हातानं चालवायचं होतं. आठ फूट लांब लोखंडी बाकडं समजा. त्यावर पत्रा ठेवायचा, वरून जाड पट्टीनं आवळायचा. पुढच्या अंगाला बिजागऱ्यांवर बसवलेली लांबलचक पाटी असते, तिला आम्ही झडप म्हणायचो. झडप वर उचलली की तिच्यासोबत पत्रा वाकतो. झडपेला दोन टोकांना दोन मुठी, म्हणून माणसंही दोन लागतात. दोघांनी एकाच क्षणी, एकाच ताकदीनं उचलायची. एक जण निमिषभर आधी उचलून बसला तर पत्र्याला पीळ पडतो. एका टोकाला कोन मिटलेला, दुसऱ्या टोकाला उघडा. असा पत्रा पुन्हा सपाट करून वापरता येत नाही, तो भंगारातच जातो.

म्हणून एकानं आवाज द्यायचा. आमच्या दुकानाचा कायदा असा की ज्यानं आवाज दिला, कोन त्याचा. सच्चा आला तर कौतुक त्याचं, झूठा आला तर शिव्याही त्यालाच. दुसऱ्यानं तोंडातून ब्र काढायचा नाही.

आवाज कायम युसूफभाईंचा असे. युसूफभाई खुलताबादचे. मामाच्या हाताखाली पत्र्याच्या ट्रंका करायला शिकलेले. माझ्यापेक्षा वयानं मोठे, अंगानं काटकुळे, दाढेखाली सदा एक लवंग. रोज पहिल्या एसटीनं घाट उतरून यायचे. आम्ही दोघांनी मिळून दुकान घातलं तेव्हापासून डावी मूठ त्यांची, उजवी माझी. ते पत्रा आवळायचे, हाताचा पंजा रेघेवरून फिरवायचे, लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचे आणि म्हणायचे, "हां… चल मियाँ!" त्या 'मियाँ'वर झडप उठायची.

"आज मैं आवाज देता," असं मी कितीदा तरी म्हणून पाहिलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "अब्बी नक्को. तेरे हाथ को लई जल्दी है." दक्खनीत मराठी घुसडायची त्यांची खोड होती आणि आमच्या शहरात त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

आमचं मुख्य काम कूलरचं. हे आताचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, उन्हाळ्यात कसं तापतं ते इथल्यांना सांगायला नको. होळी झाली की कूलरचे व्यापारी दारात येऊन बसायचे. मग एका वर्षी दुष्काळ पडला आणि त्यानं गंमत केली. ऊन नेहमीपेक्षा जास्त आणि नळाला पाणी नाही. माणसाला प्यायला पाणी नाही तिथं कूलरला कोण पाजणार? व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. आमच्या दारात कूलरच्या पेट्यांची रांग लागली आणि आम्ही तिच्या सावलीत बसून चहा पिऊ लागलो.

त्यातच एक दिवस एक निवृत्त कारकून आले. खिशातून त्यांनी एक छोटा डबा काढला, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा केलेला. सगळ्या घड्या रेघेवर, कोपरे चोख. म्हणाले, "आमचा कूलर उघडून त्याची अशी पाण्याची टाकी करून द्या. स्वयंपाकघरात फळीखाली बसली पाहिजे." युसूफभाईंनी तो डबा उलटा-सुलटा करून पाहिला आणि सलाम ठोकला. पुढं आम्ही प्रत्येक नव्या कामाचा आधी पुठ्ठ्याचा नमुना करू लागलो, ते या कारकुनांचं देणं. त्यांची टाकी गल्लीत चार जणांनी पाहिली आणि आमच्याकडं कूलर मोडून टाकी करायला माणसं येऊ लागली. ज्या हातांनी ते कूलर केले होते त्याच हातांनी मोडताना बरं वाटत नसे. पण काम होतं.

दुसरीकडं शहर सुटलं होतं. दुष्काळानं गावं रिकामी होत होती आणि गुंठेवारीच्या वस्त्या भरत होत्या. आज रिकामं शेत, तर सहा महिन्यांत तिथं घरं, किराणा दुकान, मोबाइलवाला. घर आधी यायचं, रस्ता नंतर आणि पाण्याची पाइपलाइन तर नेत्यांच्या भाषणातच. घर म्हटलं की पत्रा आलाच. छपराच्या पन्हाळी, खिडकीवरचे पत्रे, शटरच्या पेट्या, टाक्या. हाताच्या यंत्रावर उरकेना. मी म्हणालो, मोटारीवर चालणारं मशीन घेऊ. पायानं कळ दाबली की वरचं पातं खाली येतं आणि पत्रा वाकतो. एकटा माणूस दिवसभर चालवतो.

युसूफभाई म्हणाले, "एकटाच चलाता तो मैं क्या करूँ? बाजू में बैठ के लवंग खाऊँ?"

मी म्हणालो, तसं नाही, तुम्ही आखणी बघा, जोडकाम बघा. ते उठून पुढच्या पत्र्यावर रेघ आखायला बसले. मी मशीन घेतलं. आजही मला वाटतं की घ्यायलाच हवं होतं. पण ज्या दिवशी ते बसवलं त्या दिवशी जागा करायला हाताचं यंत्र भिंतीला सरकवलं होतं आणि मिस्त्रीनं त्याच्यावर सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. युसूफभाई सकाळी आले, उंबऱ्यातूनच त्यांनी गोण्या पाहिल्या. आत येऊन खुंटीवरचा आपला गुण्या घेतला, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, ती पिशवीत घातली आणि आल्या पावली परत गेले. मी हाक मारली नाही. मलाही राग होता. इतक्या वर्षांचा माणूस, चार शब्द बोलून भांडला असता तर काय बिघडलं असतं?

नंतर कळलं, त्यांनी खुलताबादेत घरापुढंच छोटं दुकान घातलं, ट्रंका आणि डबे करायचं. ना ते खाली आले, ना मी घाट चढलो.

अशात कमलताई आल्या. स्टेशनच्या पलीकडच्या नव्या वस्तीत त्या राहायच्या. बांधकामावर बिगारी काम करायच्या, वस्तीतल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. आल्या आल्या म्हणाल्या, "जय भीम, मिलिंदभाऊ. टाकी पायजे. पन गोल नको."

वस्तीला आठवड्यातून एकदा टँकर मिळणार होता. टँकरवाल्याची अट अशी की पाणी एकाच टाकीत ओतीन आणि निघीन, घरोघर हंडे भरत बसणार नाही. टाकी तयार नसेल तर टँकर पुढच्या वस्तीला. जागा म्हणाल तर विहाराची भिंत आणि शेजारचं घर यांच्या मधली बोळकांडी. प्लास्टिकची गोल टाकी तिथं शिरत नव्हती आणि त्या उन्हाळ्यात ती बाजारात मिळतही नव्हती. लांबट, अरुंद, पत्र्याचीच टाकी हवी होती. मी पुठ्ठ्याचा नमुना करून दाखवला. कमलताईंनी तो पदराच्या गाठीत बांधून नेला, वस्तीत दाखवला आणि दुसऱ्या दिवशी तसाच आणून दिला. "हीच. टँकर शुक्रवारी सकाळी हाय."

मी पत्रे कापून ठेवले. एक जास्तीचा ठेवला. गुरुवारी सकाळी वाकवायला घेणार, तोच गल्लीच्या तोंडाशी मोठा आवाज झाला आणि पंखा थांबला. डीपी जळाली होती. वीज मंडळाचा माणूस वर बघून म्हणाला, "दोन-तीन दिवस धरून चाला." माझं नवं मशीन दुकानाच्या मधोमध नुसतं उभं.

कमलताई तिथंच होत्या. त्यांनी भिंतीकडं बोट केलं. "आन हे काय हाय?"

"ते हाताचं. त्याला दोघं लागतात."

"मग मी येते की दुसरी."

मी त्यांना समजावलं. टाकीच्या कडा एकमेकींत अडकवून ठोकायच्या असतात आणि मग त्या जोडाला डाग द्यायचा, म्हणजे कथील वितळवून भरायचं. कडेला पीळ असला तर एका टोकाला जोड नीट अडकत नाही आणि पाणी तिथूनच वाट काढतं. सरावाचा जोडीदार हवा. कमलताई म्हणाल्या, "कुठं ऱ्हातो त्यो जोडीदार?" मी सांगितलं. "लांब नाय की मग. जावा."

मोटरसायकल काढली. घाट चढताना मी वाक्यं जुळवत होतो. युसूफभाई दुकानात ट्रंकेला कडी बसवत होते. मान वर न करता त्यांनी सगळं ऐकलं. मग फक्त एवढंच विचारलं, "टाँकी किसकी?"

"वस्तीची. मुकुंदवाडीच्या पुढं."

"पानी का काम है," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी गुण्या पिशवीत टाकला आणि मागं येऊन बसले. घाट उतरून मुकुंदवाडीपर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही.

दुकानात आल्यावर त्यांनी गोण्या पाहिल्या. मी घाईनं पुढं झालो, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. त्या काटकुळ्या माणसानं एकेक गोणी स्वतः उतरवली. बिजागऱ्यांना तेल घातलं, झडप दोनदा रिकामी हलवून पाहिली. मग आम्ही पहिला पत्रा आवळला. डावी मूठ त्यांनी धरली, उजवी मी.

आणि कुणी आवाजच देईना.

मी वाट बघत होतो. आवाज त्यांचाच असतो, मी कोण देणार? ते माझ्याकडं बघत होते. पुढं एकदा त्यांनीच सांगितलं, त्यांच्या मनात होतं की आता दुकान याचं, मालक हा, आवाज यानंच द्यावा. दोघंही अबोला धरलेले. शेवटी दोघांनी अंदाजानं उचललं. मुठीखाली झडप आडवी ओढल्यासारखी झाली तेव्हाच मला कळलं. युसूफभाईंनी गुण्या लावला. माझ्या टोकाला तो घट्ट बसला, त्यांच्या टोकाला फटीतून उजेड आला. जास्तीचा पत्रा त्या एका कोनात संपला. आता चूक करायला काही उरलं नव्हतं.

कमलताई कूलरच्या पेटीवर बसून हे बघत होत्या. म्हणाल्या, "काय झालं?"

"वाया गेला," मी म्हणालो.

"का बरं?"

मी पिळलेला पत्रा भिंतीला टेकवला. त्या उठल्या. "मघापासून बघते, तुमी दोगं एकमेकाशी बोलंना. तुमचं भांडन तुमच्या घरी ठिवा. आमच्या पान्यात कशाला कालवता? सत्तर घरं हंडे घिऊन बसल्याती तितं." मग युसूफभाईंकडं वळून म्हणाल्या, "काय म्हनायचं असतं उचलताना? मी म्हनते."

युसूफभाईंनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "हां… चल," ते पुटपुटले.

आम्ही दुसरा पत्रा आवळला. माझ्या तळहाताला घाम सुटला होता, तो मी पँटला पुसला. कमलताईंनी पदर खोचला आणि सार्वजनिक नळावर भांडणारीच्या त्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "हां… चल!" झडप उठली. एकदम, सरळ, जुन्या दिवसांसारखी. युसूफभाईंनी एका टोकाला गुण्या लावला, मग दुसऱ्या. उजेड कुठंच नव्हता.

दुपारभर कमलताईंनी आवाज दिला आणि आम्ही वाकवत गेलो. पत्रे तापलेले, हाताला फडकी गुंडाळलेली. सगळ्यात नाजूक वळण तळाच्या कडेचं, ते आम्ही शेवटाला ठेवलं होतं. सगळ्या पाण्याचा भार तिथंच येतो. पत्रा आवळला आणि कमलताई म्हणाल्या, "ह्ये तुमचं तुमी बघा. माझा घसा बसला." त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा मला वाटलं, खरंच घसा बसला असेल.

दुकानात फक्त आम्ही दोघं. युसूफभाईंनी पंजा रेघेवरून फिरवला. तो त्यांच्या टोकापासून माझ्या मुठीपर्यंत आला आणि परत गेला. मी खाली बघत होतो. मग ऐकू आलं, "हां… चल मियाँ!"

माझे डोळे भरून आले होते, तरी झडप मी वेळेवर उचलली. कोन सच्चा आला.

कडा अडकवून ठोकल्या, शेगडीवर कथील तापवून डाग दिले, दिवे लागायच्या आत टाकी हातगाडीवर चढली. युसूफभाई त्या दिवशी परत गेले नाहीत, आमच्याच घरी जेवले. सकाळी टँकर आला. टाकीत पाणी पडायला लागलं तसा पत्रा फुगला, करकरला. बायका हंडे धरून उभ्या, पण बघत होत्या टाकीच्या तळाकडं. युसूफभाई बोळकांडीत उकिडवे बसून अंगठ्यानं तळाचा जोड चाचपत होते. इकडून तिकडं सगळा कोरडा. फक्त वरच्या एका कोपऱ्यात पाण्याचा बारीक थेंब जमला. त्यांनी कुणाकडून तरी साबणाची वडी मागितली, तिथं घासली आणि थेंब थांबला. डाग पुढच्या आठवड्यात पुन्हा दिला.

कमलताई पुढं होऊन म्हणाल्या, "ह्यो कोपरा कुनी केला?"

"ताई, आवाज आपका था," युसूफभाई म्हणाले. "हमारे यहाँ कायदा है, जिसका आवाज उसका कोना."

अख्खी वस्ती हसली आणि सगळ्यात मोठ्यानं हसल्या कमलताई.

त्यानंतर मी युसूफभाईंना परत या म्हणालो. ते आले नाहीत. "तेरा मशीन अच्छा है. मेरे को घर के सामने धंदा मिल गया," असं म्हणाले, त्यात रुसवा नव्हता. पण वीज गेली, किंवा एखादं लांब, नाजूक काम आलं, की मी फोन करायचो आणि ते पहिल्या एसटीनं यायचे. यंत्रावर पुन्हा कधी गोणी ठेवली नाही. त्यांच्या गुडघ्यांनी घाट उतरायला नकार दिला तोपर्यंत असं चाललं. आणि त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही आवाज दिला नाही. विचारायचो, ते म्हणायचे, "अब्बी नक्को."

यंदा मी दुकान बंद केलं. मोटारीचं मशीन दोन दिवसांत गेलं. हाताच्या यंत्राला भंगारवाल्यांशिवाय कुणी विचारेना. मग पाचोडचे दोघं भाऊ आले. बाजारात धान्याच्या कोठ्या आणि पेट्या विकतात, गावात विजेचा भरवसा नाही. मी पत्र्याचा एक तुकडा दिला, म्हटलं चालवून बघा. दोघांनी उचललं आणि पत्र्याला पीळ पडला. धाकटा थोरल्यावर खेकसला, थोरला धाकट्यावर.

"भांडू नका," मी म्हणालो. "एकानं आवाज द्यायचा असतो."

"कसा?" थोरल्यानं विचारलं. "एकदा तुमीच द्या की काका."

मी दुसरा तुकडा आवळला. पंजा रेघेवरून फिरवला. तोंडात लवंग नव्हती, तरी जीभ गालाकडं गेली. "हां… चल मियाँ!" मी म्हणालो आणि त्या दोन पोरांनी झडप एकदम उचलली. गुण्या लावला. दोन्ही टोकांना सच्चा.

यंत्र टेम्पोत चढवून ते निघाले आणि मी युसूफभाईंना फोन लावला. विकलं म्हणून सांगितलं. कितीला गेलं ते त्यांनी विचारलं नाही.

"चला के देखे क्या?"

"देखे."

"आवाज कौन दिया?"

"मैं दिया."

पलीकडं त्यांनी लवंग दुसऱ्या गालात नेली असणार. मग विचारलं, "कोना?"

"सच्चा. दोनों तरफ."

"हौ," युसूफभाई म्हणाले. "गई तेरे हाथ की जल्दी, मियाँ. अब आवाज तू दिया कर."

मी दारात जाऊन उभा राहिलो. टेम्पो एव्हाना मुकुंदवाडीच्या बाहेर पडला होता.